संत्रं थांबलं तिथं

होळी आटोपली की वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या पिपरी मेघेत गल्लोगल्ली एकच आवाज सुरू होतो, कूलर काढण्याचा. पत्रा खरवडल्याचा, त्याचे लोखंडी पाय फरशीवरून ओढत अंगणात आणल्याचा, पंप चालतो की मेला हे बादलीत बुडवून पाहिल्याचा. ज्याच्या दारात नव्या गवताच्या ताट्या दिसल्या, त्याचा उन्हाळा सुरू झाला असं समजायचं. पुण्याकडच्या लोकांना हे सांगून कळत नाही. त्यांचा उन्हाळा आंब्याने सुरू होतो, आमचा कूलरने. पहिल्या दिवशी त्या ओल्या गवताचा वास घरभर सुटतो आणि आई दरवर्षी म्हणते, "वावरात पानी सोडल्यावानी वाटते बाप्पा." माझ्या नाकात मात्र त्याच वासाबरोबर पुठ्ठ्याचा आणि डिंकाचा वास शिरतो. तो काही केल्या जात नाही.

याचं कारण आमच्या जिन्याखालच्या खोलीत आहे. तिथं कूलर ठेवलेला असतो आणि कूलरच्या पुढ्यात, जुन्या चादरीत गुंडाळलेलं, एक पुठ्ठ्याचं घर. कूलर बाहेर निघायचा तर आधी ते घर बाहेर काढावं लागतं. दादा ते दोन्ही हातांवर धरून, आरतीचं ताट आणावं तसं, बाहेर आणतो आणि दरवर्षी मला विचारतो, "हे कुठी ठेवू वं?" मी दरवर्षी म्हणते, "ठेव कुठंही." मग तो ते दिवाणावर ठेवतो, चादर नीट करतो आणि माझ्याकडे न पाहता कूलरला लागतो. आमच्यात त्या घराबद्दल होणारं वर्षभराचं बोलणं एवढंच.

मी घरांचे नकाशे काढते. हा माझा धंदा आहे. बारा वर्षं पुण्यातल्या एका मोठ्या ऑफिसात मी हेच केलं, पण तिथं माझ्या वाट्याला अख्खं घर कधी आलंच नाही. कुणाचे जिने काढले, कुणाची न्हाणीघरं काढली. मग त्या ऑफिसने माणसं कमी केली आणि त्यांत मी निघाले. ट्रंक आणि ड्रॉइंगबोर्ड घेऊन वर्ध्याला परत आले आणि खाटेवर पडले. आजारी नव्हते. उठावंसं वाटत नव्हतं, बस. आई ताट आणून ठेवायची, वहिनी ते तसंच उचलून न्यायच्या. दादा दारात उभा राहून विचारायचा, "चहा घेतं का?" तो हिवाळा मला फक्त छताच्या भेगेमुळे आठवतो. तासन् तास तीच पाहत होते.

दादाने त्याआधीच कोकणात, रत्नागिरीकडच्या एका गावात, समुद्रावर थोडी जागा घेऊन ठेवली होती. त्याच्या ऑफिसातला एक जण तिकडचा होता, त्याच्या नादाने. वर्ध्याचा माणूस समुद्रावर जागा घेतो म्हटल्यावर नातेवाइकांना वर्षभराचं बोलायला मिळालं. नाचणगावचे काका तर म्हणाले होते, "आता कपाशी काय दर्यात पेरतं का गा?" दादा हसायचा. रिटायर झालो की आईला घेऊन तिकडे जाऊन राहू, असं तो म्हणायचा. आईने सत्तरी गाठली तरी समुद्र पाहिला नव्हता. पवनारची धाम हीच तिला माहीत असलेली सगळ्यात मोठी नदी. तीही उन्हाळ्यात खडकांमधून शोधावी लागते.

तर त्या जानेवारीत दादाने मला खाटेवरून उठवलं. "जागा पाहून येऊ. तुले त्यातलं कळते, मले नाई." आई, दादा आणि मी गेलो. आईने वाटेसाठी घरची संत्री घेतली होती, पिशवीभर.

ती जागा मला आजही पायांना आठवते. डोळ्यांच्या आधी पायांना. आम्ही काळ्या मातीतली माणसं. आमची जमीन सपाट, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटणारी. तिच्यावर घर बांधायचं म्हणजे आधी तिची मिन्नतवारी करायची. आणि इथं पायांखाली तांबडा, टणक जांभा, आणि सगळी जमीन समुद्राकडे निघालेली. उभं राहिलं की टाचांवर भार यायचा. एक पाय वर, एक खाली. मधोमध एक वाकडं काजूचं झाड. आणि खाली, पार खाली, समुद्र. मला तो निळा वगैरे काही वाटला नाही. दुपार होती, त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

आई उतारावरच फतकल मारून बसली आणि संत्रं सोलायला लागली. दुसरं संत्रं तिच्या ओच्यातून सुटलं. ते घरंगळत निघालं, आम्ही तिघंही पाहत राहिलो. ते उड्या मारत गेलं नाही. सावकाश, वळणं घेत, जणू त्याला वाट माहीत आहे असं गेलं आणि काजूच्या मुळापाशी जाऊन थांबलं. आई म्हणाली, "पाह्य, त्याले जागा सापडली." मी खाली उतरून ते संत्रं उचललं आणि वर पाहिलं, मग खाली पाहिलं. त्या जागेवरून झाडाच्या फांदीखालून समुद्राची एक पट्टी दिसत होती, आडवी, स्वच्छ. मी तिथंच ठरवलं, आईची खोली इथं.

मग मला काय झालं कोण जाणे. मी पिशवीतून टेप काढली, गावातून पाण्याच्या लेव्हलची पारदर्शक नळी मागून आणली, दादाला एक टोक धरायला लावलं आणि दिवस मावळेपर्यंत तो उतार मोजत राहिले. "दादा, हलू नको! नळी वर धर! अजून!" दादा घामाघूम होऊन हसत होता. मी कितीतरी महिन्यांनी ओरडत होते. त्याचं ते हसणं मी नंतर फार वेळा आठवून पाहिलं आहे. तेव्हा ते खरं होतं, एवढं मी मानते.

आई मग समुद्रात घोट्यापर्यंत उतरली. ओंजळीत पाणी घेऊन आधी डोक्याला लावलं, मग जिभेला. "खारट हाये वो!" असं म्हणाली, जणू ही गोष्ट तिला आजवर कुणी सांगितलीच नव्हती.

परत आल्यावर मी खाटेवर पडले नाही. होळी झाली, कूलर निघाले, आणि समोरच्या खोलीत कूलरच्या झोतात माझा ड्रॉइंगबोर्ड लागला. कागद उडू नयेत म्हणून चार कोपऱ्यांवर चार जड वस्तू. अडकित्ता, खलबत्त्याचा बत्ता, दादाचं कुलूप आणि आईची पितळी वाटी. शेजारचे गुरुजी डोकावून म्हणायचे, "उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, वर्ध्यातून समुद्र हाकणं पहिल्यांदाच पाहून राह्यलो." मी हसायचे. मला कुणाचंच काही लागत नव्हतं त्या दिवसांत.

उतारावरचं घर दोन तऱ्हांनी करता येतं. एक म्हणजे उतार तासून सपाट करायचा आणि त्याच्यावर नेहमीचं घर नेऊन ठेवायचं. दुसरी तऱ्हा म्हणजे उताराला विचारायचं, तुझ्या मनात काय आहे? मी दुसरी धरली. जमिनीला कमीत कमी हात लावायचा, हा माझा हट्ट. घर तीन टप्प्यांनी खाली उतरत होतं. रस्त्यावरून आत शिरलं की स्वयंपाकघर आणि जेवायची जागा. चार पायऱ्या उतरून बसायची खोली, तिला समुद्राकडून पूर्ण काच. आणखी खाली, काजूला वळसा घालून, आईची खोली आणि ओसरी. वर सपाट स्लॅब, खाली बारीक खांब, मध्ये जांभ्याची एकच लांब भिंत, वरपासून खालपर्यंत पाठीच्या कण्यासारखी. कौलं नाहीत, कमानी नाहीत, नक्षी नाही. आजचं घर, पण त्या डोंगराला जड न होणारं.

अडचण आली ती पश्चिमेची. आमच्याकडे पश्चिम म्हणजे शत्रू. तीन वाजल्यानंतरचं पश्चिमेचं ऊन भिंतीतून आत येतं आणि जेवणं होईपर्यंत खोलीतून जात नाही. म्हणून वर्ध्यात कुणी पश्चिमेला खिडकी ठेवत नाही. बाबांनी हे घर बांधलं तेव्हा आईच्या खोलीची पश्चिमेची भिंत अशीच आंधळी ठेवली होती. आणि कोकणातला समुद्र नेमका पश्चिमेला! कित्येक दिवस माझी पेन्सिल त्या बाजूला गेली की अडखळायची. शेवटी मी छज्जा लांब केला, एवढा लांब की ऊन आईच्या खाटेच्या पायथ्याशी येऊन थांबेल, तोंडावर येणार नाही. त्यासाठी सूर्य कोणत्या महिन्यात कुठं मावळतो ते काढत बसले. आई शेजारी बसून कुरड्या घालत होती. मी तिला दाखवलं, "हे पाहा, इथपर्यंत ऊन येईल, पावलांवर."

"हिवाळ्यात बरं लागन पायाले," ती म्हणाली. मग, "अन् मले निजल्या निजल्या समुद्र दिसला पाह्यजे बरं का. उठून बसा लागलं तं काय मतलब?"

मी खिडकी खाली घेतली, खाटेच्या उंचीला आणली.

वहिनींना मी विचारलं, ओटा किती उंच हवा? त्या म्हणाल्या, "ताई, इथल्यापेक्षा जराक उंच ठेवा, माझी कंबर दुखते." त्या उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्या कोपरापर्यंत टेप लावली. आईने विचारलं, "अन् कुरड्या कुठी वाळू घालाव?" मी दक्षिणेला, उन्हाच्या कडेला, एक छोटी गच्ची काढून दिली. दादा संध्याकाळी ऑफिसातून येऊन नकाशावर वाकायचा, चष्मा कपाळावर चढवून, आणि म्हणायचा, "मस्त होऊन राह्यलं." यापेक्षा जास्त कधी बोलला नाही. मला वाटायचं, दादा भारावला आहे.

मे संपता संपता, रोहिण्या लागेपर्यंत मी पुठ्ठ्याचं घर तयार केलं. आधी उतार, पुठ्ठ्याचा एकेक थर कापून, एकावर एक चिकटवून. मग त्याच्यावर घर. काजूच्या जागी तुराटीची एक वाकडी काडी. आईच्या खोलीत काडेपेटीची खाट. आई त्या खोलीत बोट घालून बघायची. "हे मी का? एवढुशी?"

'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' म्हणतात. लग्न मी केलं नाही. घर तरी पाहू, असं मला त्या उन्हाळ्यात अगदी मनापासून वाटत होतं. बांधकाम पावसाळा संपला की सुरू करायचं, असं दादाने म्हटलं होतं. निदान मी विचारल्यावर तो "हो हो" म्हणाला होता. नाही म्हणाला नव्हता.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या येतात. विदर्भात ज्यांच्या घरी त्या बसतात त्यांनाच ठाऊक, किती तयारी लागते ती. मखर, मुखवटे, सोळा भाज्या, आंबील. त्या वर्षी वहिनी म्हणाल्या, "ताई, तुमचं घर ठेवू का समोर? आरासीत शोभून दिसन." मला आनंद झाला. पुठ्ठ्याच्या घरात बारीक दिव्यांची माळ सोडली, काचेच्या जागी लावलेला प्लास्टिकचा कागद उजळला. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई वाकून पाहत होती. "कधी बांधून राह्यले वं? आम्हाले बोलवजा." दादा बाजूला उभा होता, पंचा खांद्यावर. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी, देवीची इच्छा असन तं."

महालक्ष्म्यांसमोर उभा राहून म्हणाला. हे मी विसरत नाही.

दिवाळी झाल्यावर मी एकटीच कोकणात निघाले. पाऊस संपून गेल्यावर उतारावरून पाणी कुठून वाहिलं त्याच्या खुणा जमिनीवर दिसतात. पाया आखण्याआधी त्या पाहाव्यात, असा विचार होता. दादा म्हणाला, "कायले जातं? नंतर पाहू ना." आई म्हणाली, "एकटी नको जाऊ." वहिनी डबा भरायला आत गेल्या. मला वाटलं, काळजी करताहेत.

जागेजवळच्या वळणावर उतरले तेव्हा आधी मला वाटलं चुकून दुसऱ्या वळणावर आले. उतार नव्हता. म्हणजे, जमीन होती, समुद्र होता, पण उतार नव्हता. यंत्र लावून डोंगराचा तो तुकडा पाव कापावा तसा कापला होता. मागे तांबडी उभी भिंत, पुढे ओढून टाकलेला भराव आणि मध्ये अंगणासारखी सपाट जागा. तिच्यावर जोतं आलेलं. काजू नव्हता. त्याचं खोड बाजूला पडलं होतं आणि त्याच्यावर मजुरांचे कपडे वाळत घातले होते. मी वेड्यासारखी काजूची जागा शोधत होते, संत्र्याची. तिथं आता संत्रं ठेवलं असतं तर जागचं हललं नसतं.

कामावर देखरेख करणारा एक माणूस आला. मी विचारलं, ही जागा कुणाची? त्याने एक नाव सांगितलं, आमचं नव्हतं. कधी घेतली? "गेल्या शिमग्याच्या आधी खरेदी झाली. वर्ध्याकडच्या कुणाची होती म्हणतात."

शिमगा म्हणजे आमची होळी. होळीच्या आधी. म्हणजे कूलर निघण्याच्याही आधी. म्हणजे पहिली रेघ मी कागदावर ओढली तेव्हा त्या कागदाखाली जमीनच नव्हती.

मी दादाला फोन लावला. म्हणाले, "दादा, मी जागेवर उभी आहे."  समुद्राचा आवाज त्याला तिकडे ऐकू जात असेल. तो म्हणाला, "जेवली का तू?"

फोन बंद करून मी तिथल्या एका दगडावर बसले. नकाशांची गुंडाळी मांडीवर. अंगावर घाम होता आणि तो वाळत नव्हता. समोर खोडावरचे कपडे सकाळपासून वाळत घातलेले असावेत, तेही वाळत नव्हते. ते पाहता पाहता मला एकदम काहीतरी जाणवलं. मी गुंडाळी सोडली. प्रत्येक खोलीला, आठवणीने, एक खिडकी ठेवली होती, जमिनीपासून कूलर लागतो तेवढ्या उंचीवर. कूलरची खिडकी! जिथं हवाच ओली असते तिथं ओलं गवत काय थंड करणार? बारा वर्षं पुण्यात राहून आले होते, पण घर म्हटलं की हात वर्ध्याचाच चालला. आणि ती कुरड्यांची गच्ची. तिथं कुरड्या कडक वाळल्या नसत्या, डब्यात भरल्यावर त्यांना बुरशी आली असती. उन्हाळाभर घरातल्या तिघांनी तो नकाशा पाहिला, कुणालाच ते दिसलं नाही. मला हसू आलं. मी एकटीच तिथं बसून हसले आणि हसता हसता रडायला लागले. तो माणूस पाणी घेऊन आला. भला होता बिचारा.

नंतर माझ्या मनात आलं, त्यांना कसं दिसणार? ज्या घरात राहायचंच नाही त्याच्या खिडक्या कोण मोजतो?

घरी आले. दादा समोरच्या खोलीत बसला होता. सांगायला त्याच्याकडे फार नव्हतं. त्याच्या मुलासाठी नागपूरला फ्लॅट घ्यायचा होता, ऐन वेळी जागा विकावी लागली. जागा त्याची होती. त्याने विकली, यावर माझं काहीएक म्हणणं नाही, तेव्हाही नव्हतं. मी एवढंच विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"अवं, तू खाटेवरून उठत नव्हती. त्या जागेवर गेलो तं उठली. धावून राह्यली होती, मले शिव्या देऊन राह्यली होती. मंग मी कसं सांगू? म्हटलं, चालू दे. काम करून राह्यली, जेवून राह्यली. सांगू पुढं."

"पुढं म्हणजे कधी?"

"तेच तं समजून नाई राह्यलं होतं," तो म्हणाला. तो रडवेला झाला होता. मला त्याची दया आली नाही.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "मी म्हणत होती ताई, सांगून टाका म्हणून. यायनं ऐकलं नाई."

राहिली आई. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तिला विचारलंच नव्हतं. तिला विचारायची गरज आहे असं मला वाटलंच नव्हतं. ती आपण होऊन म्हणाली, "मले मालूम होतं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. सुरीने कापणारा परका असतो. त्याला शिव्या घालता येतात, पोलिसात जाता येतं. इथं तिघंही माझ्यावर जीव टाकणारी. त्यांनी मिळून मला, आजारी पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं, एक घर दिलं होतं. आणि मी ते घर समजून बांधत होते. माझं अख्खं शिक्षण, माझ्या हाताची कला, त्या उताराशी मी केलेलं बोलणं, सूर्याचा एकेक कोन, हे सगळं त्यांच्या लेखी औषध होतं. पोरगी जेवते आहे ना, मग काढू दे घर.

सगळ्यात वाईट ते नंतर झालं. तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा उन्हाळा होता आणि आता मला तो मागे जाऊन एकेक दिवस करून तपासावा लागत होता. वहिनींच्या कोपराला मी टेप लावली तेव्हा त्यांना काय वाटत असेल? दादा "मस्त होऊन राह्यलं" म्हणाला तेव्हा त्याने चष्मा कपाळावर का चढवला होता? त्याला तर जवळचंही चष्म्याशिवाय दिसत नाही. म्हणजे तो पाहतच नव्हता. आई निजल्या निजल्या समुद्र मागत होती तेव्हा ती मागत होती, की मागण्याचं सोंग करत होती? माणूस फसला की त्याचं पुढचं जातं असं म्हणतात. माझं मागचं गेलं.

आईला मी हे पुढे कधीतरी विचारलं, फार दिवसांनी, राग जरा बसल्यावर. म्हटलं, "तुला माहीत होतं, तर कुरड्यांची जागा कशाला मागितलीस? माझी थट्टा?"

ती गहू निवडत होती. मग म्हणाली, "पहिले पहिले तुह्यासाठीच इचारत होती. मंग तू रोज दाखवून राह्यली, इथं खाट, इथं खिडकी, इथंवर ऊन. मंग मलेच खरं वाटाले लागलं. मी रातच्याले डोये मिटून त्या खोलीत जात होती." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "तुले एकटीलेच नाई फसवलं वं."

 मी उठून गेले.

लोक म्हणतील, शेवटी तुझं भलंच झालं ना? झालं. मी तेच तर गिळू शकत नाही. त्या उन्हाळ्याने मला उठवलं ते उठवलंच. मी वर्ध्यातच काम सुरू केलं. पिपरी मेघेतल्या नव्या लेआउटमध्ये, दोन्हीकडून चिकटलेल्या अरुंद प्लॉटांवर, माझी कितीतरी घरं उभी आहेत. लोकांना गाडी चढवायला उतार हवा असतो, तेवढाच उतार आता माझ्या नशिबी. दादाचं म्हणणं खरं ठरलं, त्याचं औषध लागू पडलं. पण खोटं कामी आलं म्हणून ते खरं होत नाही. माझ्याशी कुणीतरी खरं बोललं असतं आणि मी खाटेवरच राहिले असते, तर ते वाईट झालं असतं, हे मला कळतं. तरी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, खरं सांगा. मला कुणी विचारलं नाही.

एक सवय तेव्हापासून लागली. कुणी घर काढायला सांगितलं की मी आधी म्हणते, जागा दाखवा. दाखवली की म्हणते, उद्या पुन्हा दाखवा. लोकांना वाटतं, बाई भारी काटेकोर आहे.

यंदा कूलर निघाला, पुठ्ठ्याचं घर दिवाणावर आलं. आई आता फारशी उठत नाही. मागच्या खोलीत, तिच्या त्याच आंधळ्या भिंतीच्या खोलीत, पडून असते. डोकं अगदी शाबूत आहे, पाय थकलेत. दादा तिच्या खोलीत कूलर लावत होता, मी ताटी धरून उभी होते. ती म्हणाली, "प्रमोद, या भिंतीले खिडकी पाडून दे."

"कोनत्या?"

तिने पश्चिमेकडे हात केला.

"अवो आई, तिकडून ऊन येते. भट्टी होईन खोलीची. अन् तिकडं हाये काय? गुरुजीच्या घरची पान्याची टाकी."

"होऊ दे. मले पाह्यजे. खाटेच्या बराबर, खाली."

दादाने माझ्याकडे पाहिलं. किती वर्षांनी असं थेट पाहिलं असेल. मग तो, अगदी त्याच जुन्या समजूतदार आवाजात, म्हणाला, "वैशू, तू नकाशा काढून दे तिले. मंग पाहू."

मी हातातली ताटी खाली ठेवली. म्हटलं, "नाही. आधी गवंडी आण."

"अवं, आधी नकाशा..."

"आधी गवंडी. तो भिंतीपाशी उभा राहील, हातात छिन्नी घेऊन. मग मी काढेन."

दादाचा चेहरा उतरला. तो उतरावा असंच मला वाटत होतं, खोटं कशाला सांगू. तो पंपाची वायर जोडत राहिला. आई डोळे मिटून पडली होती, पण ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गवंड्याला घेऊन आला. मी भिंतीवर खडूने रेघ मारली नाही. म्हटलं, फोड, इथून. पहिला घाव पडला, बाबांनी लावलेला गिलावा सुटला, धूळ उडाली. मग एक वीट हलली, निघाली, आणि त्या भोकातून पांढऱ्या उन्हाची पट्टी आत आली. तेव्हा मी टेप काढली. खाटेची उंची घेतली. आईच्या डोळ्यांची उंची घेतली, निजल्या निजल्या. छज्जा किती पुढे काढायचा त्याचा हिशेब मला करावा लागला नाही, पाठ होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी चौकट बसली, वर पत्र्याचा छज्जा आला. ऊन सरकत आत आलं आणि तिच्या पावलांवर येऊन थांबलं, बरोबर जिथं थांबायला हवं तिथं. बाहेर गुरुजींची काळी टाकी, कपड्यांची दोरी आणि तापून पांढरं पडलेलं आभाळ. आई एकटक तिकडेच पाहत होती. गरम वारा आत आला तरी तिने तोंड फिरवलं नाही.

मी खाटेवर तिच्या पायांशी बसले. म्हटलं, "आई, तिकडे समुद्र नाही."

"मले मालूम हाये," ती म्हणाली.

जवळजवळ तेच शब्द. फक्त या वेळी ते मलाही माहीत होतं.